दारफळणीच्या आधीची तार

कुवेतच्या फॉर्मवर मी धर्म हिंदू लिहिला होता. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी यहुदी. आणि यहुद्याला तिथे कोण पाय ठेवू देतंय? आडनावाच्या शेवटी 'कर' होतं, खपून गेलं. अरबांना काय कळणार! मला धास्ती होती ती आपल्याकडच्याच माणसाची. आणि नशीब बघा, तिथल्या हवल्ली भागातल्या खोलीत जोडीदार मिळाला तो मुरूडकडचा मुसलमान, आमच्या गावापासून दोन खाड्या पलीकडचा! एका औषधांच्या दुकानात कंपाउंडर होता. माणूस भला, पण त्याच्यासमोर मी तीन वर्षं तोलूनमापून बोललो.

अशात अमेरिकेत शिकायला गेलेल्या धाकट्या भावाचं पत्र आलं. धर्माचं अवाक्षर लिहू नकोस, असं बजावलेलं असूनही गड्याने चार पानं तेच लिहिलं होतं. तिथल्या एका तरुण रब्बीने, म्हणजे आमच्या धर्मगुरूने, त्याला साखरेच्या खड्यावरून एलएसडी नावाचं औषध दिलं. भिंती उजळल्या म्हणे, आणि एलियाहू हन्नबी, आमचा जुना प्रेषित, आईच्या मलिद्याच्या, नवसाच्या गोड पोह्यांच्या ताटापाशी येऊन बसला. तो रब्बी म्हणतो, जन्मभर विस्तव न पेटवता शनिवारचा शब्बाथ पाळून जे दिसायचं त्याची ही झलक. दुसरे रब्बी म्हणतात, आज्ञा पाळायच्या नकोत म्हणून काढलेली ही पळवाट. मी दुसऱ्यांच्या बाजूचा. औषध पोटात गेल्यावर येतो तो देव कसला? अंमल उतरल्यावर जातो कुठे?

पण शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. पुढच्या महिन्यात, वर्षाच्या मोठ्या उपासाला, तो ते पुन्हा घेणार होता, आणि जास्त. आमचा काका असंच काहीबाही दिसतं म्हणता म्हणता वेडा झाला. त्याला खोलीत कोंडून ठेवलेलं मी पाहिलंय.

विचारायचं कुणाला? औषधातलं कळणारा एकच माणूस, आणि त्याच्याचपासून लपायचं! शुक्रवारी सुट्टी होती, तो आरशापुढे दाढी करत होता. म्हटलं, "माझ्या एका दोस्ताचा भाऊ आहे..." बोलता बोलता उपासाचंही सांगून बसलो.

त्याने वस्तरा खाली ठेवला. "त्याच्या घरात कुणाचं डोकं फिरलं होतं का?"

"काकाचं."

"मग त्याला हे विषच. डोक्याच्या डॉक्टरांचं औषध हाय ते, मासिकात वाचलंय मी. आजच तार कर." मग आरशातच बघत म्हणाला, "दारफळणीला दिवस किती राहिले?"

दारफळणीचा सण म्हणजे तोच मोठा उपास. आम्ही आणि कोकणातले आमचे शेजारी सोडले तर हा शब्द कुणाला ठाऊक नसतो. याला कधीपासून माहीत? आणखी कुणाला सांगितलं? तार करायला गेलो तोही मागे वळून वळून बघत.

तार वेळेत पोचली. भावाने औषध घेतलं नाही. वर्षभर माझ्याशी अबोला धरला, तो मी सोसला. जोडीदाराने मात्र पुन्हा विषय काढला नाही, आणि मला तेच जास्त खुपायला लागलं. गप्प का? कशासाठी राखून ठेवलंय याने? महिन्याभरात, ऑफिस लांब पडतं अशी थाप मारून मी खोली बदलली.

ट्रंक त्यानेच उचलून टॅक्सीत ठेवली. म्हणाला, "तिकडं शनवारी तुझा स्टो कोण पेटवील रे? तू तर त्या दिवशी काडी ओढत नाहीस."

तीन वर्षं मी समजत होतो, त्याला सकाळच्या चहाची घाई असते.