गाठीतले शिपाई

कंपूच्या, म्हणजे जुन्या लष्करी छावणीच्या, इस्पितळात ताईच्या वॉर्डाच्या दारावर एक म्हातारा बसे. संस्थान विलीन झालं, त्याची पलटण मोडली आणि त्याला मिशांसकट या स्टुलावर आणून बसवलं. भेटायला येणाऱ्यांवर तो उगाच खेकसे.

एकदा मी आनंदाने त्याला सांगितलं, "ताईच्या स्तनातल्या गाठीत पांढऱ्या पेशी खूप जमल्यात. डॉक्टर म्हणतात, त्या म्हणजे शरीराचे शिपाई. लक्षण चांगलं आहे."

मिशीला पीळ देत तो म्हणाला, "जमायला काय मास्तर, आम्हीपण जमलो होतो, बटणं चमकवून! ते लढतायत का, जरा विचारा."

मी विचारलं. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "तेवढं सूक्ष्मदर्शकात दिसत नाही."

आम्हाला ते माघात कळलं, ताई गेली तेव्हा.