साहेबांच्या खिडकीचा तिसरा गज

तुरुंगात त्यांना सगळे ठोकेकाका म्हणत. हजेरीपटावर त्यांचं वेगळं काहीतरी नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी कामाला येई.

काकांचं काम एकच. सकाळी कोठड्या उघडण्याआधी हातभर लांबीची लोखंडी दांडी घेऊन निघायचं आणि प्रत्येक खिडकीचा प्रत्येक गज ठोकायचा. धड गज 'टण्ण' वाजतो. कुणी कानसीने कापायला घेतला असेल, नाहीतर बुडाशी गंजला असेल, तर 'थड' असा बसका आवाज येतो. हे चालू असताना आतल्या कैद्याने समोरच्या भिंतीशी उभं राहायचं, दोन्ही तळहात पुढे करून, म्हणजे हातात काही नाही हे दिसतं. "बाजूला उभे राहा, तळहात समोर," हे वाक्य काकांनी एकोणतीस वर्षं इतक्या वेळा म्हटलं होतं, की एकदा झोपेतही म्हणाले आणि बायको दचकून भिंतीला टेकली.

खोड घरीही सुटली नव्हती. नवं कपाट आलं की ठोक, दार बसवलं की ठोक. "अहो, कपाट आहे ते, कुठे पळून जाणार नाही," असं बायको म्हणे. जावयाने नवी मोटारसायकल दाखवायला आणली, तर काकांनी आधी टाकीवर दांडीसारखं बोट वाजवलं आणि म्हणाले, "बसकी आहे." जावई पुढचे चार दिवस बोलला नाही.

पण रोज दीड हजार गज कानाशी वाजवले तर कानाने तरी किती दिवस सोसायचं? आधी डावा गेला. मग उजवा, हळूहळू, न सांगता. एक दिवस बायको ओरडत स्वयंपाकघरात आली. "सहा शिट्ट्या झाल्या कुकरच्या! शेजारी बसून पेपर वाचताय आणि भांडं करपलं!" काकांनी पेपरची घडी केली आणि त्यांच्या लक्षात आलं, की महिनाभर सकाळी एकही गज वाजलेला नाही. वाजले असतील, पण त्यांच्यापाशी आले नव्हते.

मात्र त्या महिन्यातच त्यांनी धुलाईघराच्या खिडकीतला एक पोचट गज पकडला होता. कसा पकडला, तर हाताने. धड गज ठोकला की दांडीतून कोपरापर्यंत मुंग्या जातात, आणि पोचट गजावर हात मेल्यासारखा होतो. कान कधीच रजेवर गेले होते, त्यांच्या बदली हात कामाला आला होता.

हे वरिष्ठांना सोडून सगळ्या तुरुंगाला माहीत होतं. सकाळची कैद्यांची मोजणी ओरडून सांगताना शिपाई तोंड काकांकडे करत. कैदीही त्यांच्याशी सावकाश, ओठ हलवून बोलत. न ऐकणारा शिपाई त्यांना फार आवडे. चार क्रमांकाच्या बराकीत एक म्हातारा कैदी होता, पूर्वी शाळेत शिकवायचा म्हणून मास्तर. तो एक दिवस भिंतीशी तळहात पुढे करून उभा असताना म्हणाला, "काका, नवे साहेब कान तपासणार म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"इथे तुम्ही सोडून सगळ्यांना सगळं ऐकू येतं. सांभाळा. तुमच्या जागी तिखट कानाचा कुणी आला, तर आम्ही कुठे जायचं? आम्हाला तर जाताही येत नाही."

बातमी खरी होती. नवे साहेब, म्हणजे तुरुंगाचे अधीक्षक, नियमाचे पक्के. त्यांनी आल्या आल्या परिपत्रक काढलं: गज तपासणाऱ्या शिपायाची श्रवणचाचणी घेतली जाईल, नापास झाल्यास नोकरी संपली आणि पंधरा दिवसांत फाटकालगतच्या सरकारी खोल्या रिकाम्या. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण खोल्या म्हणजे नुसत्या खोल्या नव्हत्या. बाहेरच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन होतं. अख्ख्या तुरुंगाच्या विजारी ती कमरेत आत घ्यायची आणि सैल करायची. फाटकापासून दूर गेल्यावर विजारी घेऊन कोण येणार होतं?

"कशाला हाय खातोस?" फाटकावरचा हवालदार म्हणाला. हा काकांचा जुना मित्र, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणारा. "चाचणी साहेबांच्या कचेरीत आहे. डॉक्टर येत नाहीत, साहेबच घेणार. तुला खिडकीकडे तोंड करून उभं करतील आणि टेबलावरची घंटी वाजवतील. वाजली की हात वर करायचा. मी दाराशी उभा असेन. जमीन लाकडी आहे. घंटी वाजली की मी टाच आपटतो, तुला पायाला कळेल."

"आणि तू चुकलास तर?"

"चोवीस वर्षं फाटक उघडतोय-लावतोय. एकदा तरी चुकलोय?"

शुक्रवारी अकरा वाजता चाचणी सुरू झाली. काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, दांडी बगलेत. पायाखाली फळी धडकली, काकांनी हात वर केला. पुन्हा धडकली, पुन्हा हात वर. पाच वेळा सगळं सुरळीत झालं. साहेब कागदावर बरोबरच्या खुणा करत होते. तेवढ्यात हवालदाराच्या पोटरीला गोळा आला. बिचाऱ्याने दात आवळले, कळ सोसली, आणि शेवटी पाय झटकून दाणकन जमिनीवर टेकवला.

काकांनी हात वर केला.

साहेबांनी काकांकडे पाहिलं, हवालदाराच्या बुटाकडे पाहिलं, आणि हातातली घंटी हळूच खाली ठेवली. मग काकांना खांद्याला धरून वळवलं आणि मोठ्याने म्हणाले, "मी वाजवलीच नव्हती."

काकांनी हात खाली घेतला. खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं आता सगळ्यांना दिसत होतं.

"दांडी जमा करा," साहेब म्हणाले. हात पुढे केलेला बघून काकांना कळलं. त्यांनी दांडी बगलेतून काढली. द्यायच्या आधी, सवयीने, केवळ सवयीने, शेजारच्या खिडकीचा गज ठोकला. पहिला धड. दुसरा धड. तिसऱ्यावर हात मेला.

"साहेब, हा गेलाय," असं म्हणून काकांनी गज धरून जरा हलवला, तर तो बुडापासून निघून त्यांच्या हातातच आला.

हवालदाराने पोटरी चोळायची थांबवली. गजाचं खालचं टोक गंजून भुसा झालं होतं आणि खिडकीच्या चौकटीवर तपकिरी डागांचे थरच्या थर होते. सहा अधीक्षकांनी आपापल्या कारकिर्दीत गार झालेला चहा त्याच गजाच्या बुडाशी ओतला होता. त्यातला शेवटचा डाग अजून ओला होता. या खिडकीला कधी कुणी ठोकलं नव्हतं, कारण साहेब पळून जाणार नाहीत असा सगळ्यांचा भरवसा होता.

हवालदार खाकरला. "गज निघाल्यास तासाभरात वर कळवायचं असतं, साहेब. आपल्याच परिपत्रकात आहे. खोली कोणाच्या ताब्यात, ते लिहायचं. आणि आज सकाळचा अहवाल सोबत जोडायचा."

सकाळचा अहवाल टेबलावरच होता. 'संपूर्ण इमारतीचे गज तपासले, सर्व ठीक,' आणि खाली साहेबांची ठसठशीत सही.

साहेबांनी अहवाल उचलला, आपली सही पाहिली आणि तो पालथा ठेवला. मग त्यांनी चाचणीचा कागद पुढे ओढला आणि खुणांखाली लिहिलं: 'गज तपासण्यापुरते उत्तम ऐकू येते.' कागद काकांच्या डोळ्यांसमोर धरून त्यांना वाचू दिला. काकांनी तो दोनदा वाचला. मग गज जागेवर उभा करून ठेवला, लोहाराला बोलावलं आणि दांडी पुन्हा बगलेत मारली.

घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मशीन हलवायचं नाही ना?" काकांनी मान हलवली. तिने सुईत दोरा ओवला आणि हवालदाराची विजार पुढे घेतली.

मात्र साहेब नियमाचे पक्के होते, हे विसरून चालणार नाही. सोमवारपासून कचेरीची खिडकी तपासणीच्या यादीत आली, चार क्रमांकाच्या बराकीनंतर. काका दांडी घेऊन आत गेले. साहेब खुर्चीत बसून चहा पीत होते.

"बाजूला उभे राहा, तळहात समोर," काका म्हणाले. एकोणतीस वर्षांची जीभ, ती कशी थांबणार?

साहेबांनी तोंडातला घोट गिळला. मग कप खाली ठेवून उठले, समोरच्या भिंतीशी गेले आणि दोन्ही तळहात पुढे केले. काका गज ठोकू लागले. मागून साहेब काहीतरी म्हणाले, बहुतेक रागानेच.

काय ते काकांना ऐकू आलं नाही.