कबूल

आमच्या वर्गात चोऱ्या करणारी पोरं पुष्कळ होती, पण चोरी करून खोटं न बोलणारा एकच होता. गुरुजींनी छडी उचलायच्या आत तो हात पुढे करून म्हणायचा, "कबूल!" त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटात उरलं. गावानं आणि पुढेपुढे त्याच्या आईनंही त्याला कबूलच म्हटलं.

हेडमास्तर गुरुजींच्या अंगणातलं जांबाचं झाड त्यानं एका दुपारी निम्मं रिकामं केलं. गुरुजींनी विचारलं तेव्हा म्हणाला, "म्याच तोडले जी. पन कच्चे हायेत, बाकीचे आठ दिवस राहू द्या." पंचाईत आम्हा साथीदारांची व्हायची. सोबत कोण होतं असं विचारलं, की कोणी किती जांब खाल्ले तेही तो सांगून टाकी. त्यावरून आम्ही भांडलो तर म्हणे, "इचारलं त सांगीन. नाही इचारलं त कायले सांगू?" शेवटी त्याच्याबरोबर चोरीला जायला कोणी तयार होईना. बिचारा एकटाच जायचा.

एकदा साकोलीला सिनेमा पाहायला तो एस.टी.च्या मागच्या शिडीवर लटकून गेला. कंडक्टरनं खाली उतरवून दम दिला, "पहिल्यांदा केलंस म्हणून सोडतो." हा म्हणाला, "पहिल्यांदा नाही जी, दर आयतवारी येऊन राहिलो." कंडक्टरनं शाळेत चिठ्ठी पाठवली. हेडमास्तरांनी चिठ्ठी वाचली आणि सांगून टाकलं, आता आणखी एक तक्रार आली की दाखला हातात. वर्ष दहावीचं होतं. कबूलचा बाप गावच्या तलावात मासोळ्या धरायचा, आणि दहावी झालेला त्यांच्या घरात आजवर कोणी नव्हता.

शाळेच्या आधी आणि नंतर तो आमच्या गोठ्यात असायचा. कामाला म्हणून नव्हे, आमच्या चांद्या-पाखऱ्याच्या जोडीवर त्याचा जीव होता म्हणून. बैल पळवण्यासाठी असतात हे त्याचं मत. नांगरासाठी असतात हे बाबूजींचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, हा बाबूजींच्या लेखी रिकामटेकड्यांचा उद्योग होता. पटाच्या मैदानावर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, आणि ते हे अभिमानानं सांगायचे.

धानाची मळणी आटोपली होती. बाबूजी कामासाठी लाखांदूरला गेले होते. कबूलनं जोडी सोडली. आईनं विचारलं, "कुठं नेतोस रे?" तो म्हणाला, "जरा पळवून आनतो, काकू." हे शंभर टक्के खरं होतं. कुठे पळवणार ते तिनं विचारलं नाही.

शेजारच्या गावी पट भरला होता. एका वेळी दोन जोड्या सोडायच्या आणि जिंकेल तिच्या मालकाचं नाव भोंग्यावरून पुकारायचं, अशी तिथली रीत. नाव लिहिणाऱ्यानं विचारलं, "जोडी कोनाची?" दुसऱ्या कोणी खोटं नाव ठोकून दिलं असतं. यानं बाबूजींचं नाव त्यांच्या वडिलांसकट, गावासकट सांगितलं. जोडी चार वेळा जिंकली आणि चारही वेळा ते नाव तीन गावांना ऐकू गेलं. संध्याकाळी त्यानं गुलालानं माखलेले बैल दारात आणले, बक्षिसाचा पितळेचा गुंड, पाण्याचा हंडाच तो, ओसरीवर ठेवला आणि म्हणाला, "तुमचा हाय, काकाजी."

बाबूजींनी त्याला पोटभर शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी मात्र अभिनंदनाला माणसं येऊ लागली. पहिल्या दोघांना ते म्हणाले, "आपला त्यात काही संबंध नाही." पाचव्याला त्यांनी चहा करायला सांगितला. दुपारपर्यंत गुंड ओसरीवरून बैठकीत आला होता.

तेवढ्यात शाळेतून निरोप आला. पोरगा शाळा बुडवून पटाला गेला हे हेडमास्तरांना कळलं होतं. जोडी चोरून नेली का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. बाबूजी निघाले तेव्हा कबूलची आई आमच्या फाटकाशी उभी होती. "एवढी दहावी होऊ द्या जी," म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

मी हजेरीपट ठेवायच्या निमित्तानं ऑफिसात घुटमळत होतो. बाबूजींनी घसा साफ केला. "चोरली कायची? म्याच देली होती. म्हटलं, जाय, पळवून आन." उभ्या जन्मात त्यांनी खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि ते त्यांना चांगलं जमलंही नाही.

हेडमास्तर कबूलकडे वळले. "काय रे?"

मी मनात सगळ्या देवांना हात जोडले. कबूलचा चेहरा रडवेला झाला. "नाही जी. म्या चोरली. काकाजी, खोटं काहून बोलता?"

बाबूजी खाली बघत राहिले. हेडमास्तरांनी चष्मा पुसायला बराच वेळ लावला. मग म्हणाले, "ज्याची वस्तू तो नाही म्हणतो. चोराच्या एकट्याच्या शब्दावर मी दाखला देत नसतो." शाळा बुडवल्याबद्दल दहा छड्या दिल्या. कबूलनं त्या मोजून घेतल्या.

तो दहावी झाला, तिसऱ्या श्रेणीत. बाबूजींनी त्याला गोठ्यात यायला मनाई केली नाही, पण त्याच्याशी ते पुन्हा बोलले नाहीत. पुढे तो जंगल खात्यात गार्ड झाला. दर वर्षी बदली. कारण विचारलं तर म्हणायचा, "सायेब इचारते, मी सांगतो, मंग बदली होते."

बाबूजींच्या तेरवीला तो खाकी कपड्यांतच आला. जेवणं झाल्यावर मंडळी म्हणू लागली, असा खरा माणूस होणे नाही. कबूल एकदम उठला. "एकडाव खोटं बोलले होते. माह्यासाठी. अन् म्या त्यायले हेडमास्तरासमोर खोटं पाडलं." एवढं बोलून तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडायला लागला.

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "बाबूजी विसरले होते रे ते सगळं. नेहमी तुझं कौतुक करायचे."

त्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "खरं सांगून राहिला का?"

बाबूजींनी त्याचं नावसुद्धा कधी काढलं नव्हतं. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "खरं."