धवल्याचे दोन कॉलम

“ताई, मोबाईलवर सगला बरोबर दिसत होता,” हर्षला म्हणाली.

हे वाक्य मी रोज ऐकते. मोबाईलवर सगळ्यांचं सगळं बरोबरच दिसतं. फाईल माझ्या कॉम्प्युटरवर उघडली की खरी परिस्थिती कळते. पानावर दोन कॉलम होते आणि दोन्हींत एकमेकींना चिकटलेल्या ओळी. कुठलं वाक्य कुठे संपतं याचा पत्ता नाही. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही.

“कधी हवंय?”

“परवा हळद हाय.”

तिच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तिची आत्या बसली होती, हिराबाय. गळ्याला पांढरी पट्टी, ओठ घट्ट मिटलेले, आणि माझ्याकडे अशी बघत होती की जणू फाईल मीच बिघडवली.

उरणच्या बाजारात माझं टायपिंगचं दुकान आहे. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, पाटी तीच राहिली. दिवसभर कंटेनर यार्डातल्या ड्रायव्हरांच्या लायसन्सचे झेरॉक्स, सोसायट्यांच्या नोटिसा, लग्नपत्रिका. आम्ही कोकणी मुसलमान, आमच्या लग्नातली गाणी वेगळी. पण आगऱ्यांच्या पत्रिका छापता छापता निम्म्या गावांची नातीगोती मला पाठ झालीत. धवला काय असतो हेही त्यातच कळलं. त्यांच्या लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला एक बाई लांबलचक गाणं म्हणते. ते गाणं म्हणजे धवला आणि ती बाई धवलारीण. पुढची म्हणून ती एक ओळ म्हणते, मागे बसलेल्या बायका ती झेलतात. कधी तीच ओळ परत म्हणतात, कधी वेगळं उत्तर देतात. विधी चालू आहे तोवर गाणं थांबायचं नाही. मध्येच थांबलं तर अपशकुन धरतात.

हिराबाय तिच्या गावची धवलारीण. किती लग्नं लावली याची तिने मोजदाद ठेवलेली नाही. नुकतीच तिच्या गळ्यातली गाठ काढली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, आणि गाण्याचं तर नावच काढू नका. इकडे शेजारच्या घरातलं लग्न ठरलेलं. हर्षला लहानपणापासून आत्याच्या मागे बसून झेलत आली. म्हणजे मागच्यांचं तिला पाठ, आणि पुढचीचं अर्धवट.

“नवरीचा काका बोलला, उगाच धोका नको, मोबाईलवरचा धवला स्पीकरला लावू,” हर्षलाने सांगितलं. “मी बोलले, मी म्हणते. तर बोलला, म्हण, पण स्पीकर जोडून ठेवतो. तू अडकलीस का लगेच चालू.”

“मग अडकू नकोस.”

“तेच तर, ताई. एकदा स्पीकर लागला ना, तर पुढच्या लग्नाला आमाला कोण बोलवतंय?”

आत्याने खुर्चीवरच मान फिरवली आणि रस्त्याकडे बघत बसली. मला वाईट वाटलं. राग तर त्याआधीच आला होता, फाईलचा.

फाईलची गोष्ट अशी. ऑपरेशनच्या आधी आत्या सांगत गेली आणि हर्षलाने मोबाईलवर टाइप केलं. डावीकडे पुढचीची ओळ, उजवीकडे मागच्यांची. मधली मोकळी जागा तिने स्पेस दाबून दाबून केली. मी इतकी वर्षं ओरडून सांगतेय, स्पेसबार दोन शब्दांच्या मध्ये एकदा दाबण्यासाठी आहे, त्याने पान मांडायचं नसतं. ऐकतंय कोण. हर्षला यार्डच्या ऑफिसात डेटा एन्ट्री करते. तिथला एक हुशार सहकारी म्हणाला, आण, क्लीन करून देतो. त्याने सगळ्या जादा स्पेस एका कमांडने उडवल्या. पुढचीची ओळ आणि मागच्यांची ओळ एकमेकींना चिकटली. वर त्याने दोन कॉलमचं बटण दाबून फाईल परत पाठवली, उपकार केल्यासारखी. हर्षलाचा मोबाईल भरलेला, म्हणून तिने जुनी फाईल डिलीट केली. तौबा.

इथे कॉलमबद्दल थोडं सांगते. वर्डमधले कॉलम वर्तमानपत्रासारखे असतात. मजकूर पहिल्या कॉलमात वरून खाली भरतो आणि तळ गाठला की दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. डाव्या ओळीच्या समोर तिची जोडीदार उजवी ओळ यावी, हे त्याला कळत नाही. डावीकडे चार शब्द वाढवले की उजवीकडचं सगळं खाली सरकतं. ओळी समोरासमोर हव्या असतील तर कॉलम घ्यायचेच नाहीत, टेबल घ्यायचं. दोन खणांचं टेबल करायचं आणि त्याच्या रेघा लपवायच्या. बघणाऱ्याला ते कॉलमच वाटतात.

टेबल करणं सोपं. पण कुठली ओळ कुठे तोडायची?

“काही ठिकाणी मना माहीत हाय,” हर्षला म्हणाली. “बाकी आतेलाच.”

आतेला वाचता येत नव्हतं आणि बोलायला बंदी होती.

मी म्हटलं, “तू वाचत जा, आत्या खूण करतील.” हर्षलाने वाचायला सुरुवात केली, ऑफिसात कंटेनरचे नंबर वाचतात तशी. आत्याने मान हलवली. नाही. पुन्हा वाचलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

“काय झालं?”

“असा सपाट वाचून तिला लागत न्हाय. चालीत म्हटला तरच लागतो.”

“मग म्हण चालीत.”

“इथे?” तिने मागे बघितलं. झेरॉक्ससाठी दोन ड्रायव्हर उभे होते. “ताई, लोकं हायत.”

“लोकं परवा पण असणार. यांच्यापेक्षा जास्त.”

तिने ड्रायव्हरांकडे पाठ केली. आत्या मात्र उठली. पिशवीतून पान-सुपारी काढून तिने माझ्या कीबोर्डच्या शेजारी ठेवली आणि हात जोडले.

“पान-सुपारी ठेवल्याशिवाय धवला उचलत न्हाईत,” हर्षला जरा संकोचून म्हणाली. “तुमाला चालेल ना?”

“मला चालेल. कीबोर्डवर नको फक्त.”

हर्षलाने माझ्या स्क्रीनवर नजर लावून सुरुवात केली. आवाज आधी इतका बारीक की पंखाच जास्त ऐकू येत होता. आत्याने काउंटरवरची माझी दुकानाची चावी उचलली आणि काचेवर ठोकली. एकदा ठोकलं की पुढचीचं संपलं, मी टॅब दाबून उजव्या खणात जायचं. दोनदा ठोकलं की मागच्यांचं संपलं, खालच्या रांगेत यायचं. हा नियम कोणी ठरवला नाही, दोन-चार ओळींत आमचं जमलं. चुकलं की आत्या काचेवर तळवा आपटायची. तेव्हा मी चुकले की हर्षला चुकली हे तिच्या नजरेवरून कळायचं. बहुतेक वेळा हर्षलाच. मांडवाच्या गाण्यात एका ठिकाणी पुढचीने नवरीला नावाने हाक मारायची असते आणि मागच्यांनी नुसता हुंकार द्यायचा असतो. हर्षला सवयीने हुंकारच द्यायची. आत्याने ते तिच्याकडून इतक्यांदा म्हणून घेतलं की शेवटी मलाही पाठ झालं.

ड्रायव्हरांचे झेरॉक्स कधीचे झाले होते. ते गेले नाहीत. त्यातला एक मला हळूच म्हणाला, “लगीन कुटं हाय?” मी म्हटलं, “तुझं लायसन्स घे आणि बाजूला उभा राहा.”

संध्याकाळपर्यंत टेबल तयार झालं. मी साध्या ए-फोर कागदावर प्रिंट काढले. ओळी समोरासमोर, स्वच्छ. मला माझंच काम आवडलं होतं. हर्षला कागद हातात धरून वाचत होती. आत्याने ते तिच्या हातातून काढून घेतले आणि माझा चहाचा ट्रे तिच्या दोन्ही हातांत दिला.

हर्षला ट्रेकडे बघत राहिली. “ताई, म्हणताना हातात पूजेचं ताट असतं. पान कसा उलटू?”

खरंच की. आणि विधी संपेपर्यंत गाणं थांबवायचं नाही. म्हणजे एक विधी एका पानावर बसायला हवा होता. बसत नव्हता, प्रत्येक गाणं दुसऱ्या पानावर सांडत होतं. अक्षरं लहान करता येईनात, कारण कागद दुसऱ्या कोणीतरी समोर धरणार आणि हर्षलाला तो लांबून दिसायला हवा.

“मग उजवा कॉलम काढून टाकू,” मी म्हटलं. “मागच्या बायकांना पाठच आहे. अर्धं पान फुकट जातंय.”

आत्याने चावी अशी आपटली की काच फुटली का ते मी वाकून बघितलं. मग तिने हर्षलाच्या छातीवर तळवा ठेवला, तसाच दाबून धरला आणि थोड्या वेळाने उचलला. दोनदा तसं केलं.

“ती बोलते, मागच्यांचा समोर नसला तर मी त्यांच्यासाठी थांबणार न्हाय,” हर्षला म्हणाली. “पुढे पलत सुटंन. दम लागंल.”

मी इतक्या गिऱ्हाइकांचे कॉलमबद्दलचे हट्ट ऐकलेत. कोणाला मधली रेघ जाड हवी, कोणाला आपलं नाव पहिल्या कॉलमात हवं. उजव्या कॉलमचं इतकं पटणारं कारण मला कोणी दिलं नव्हतं. मी गुपचूप खुर्ची पुढे ओढली.

दोन कॉलम सारखेच असले पाहिजेत असा काही कायदा नाही. डावा रुंद केला, अक्षरं ठळक आणि मोठी. उजवा अरुंद केला, अक्षरं बारीक आणि राखाडी, कारण तो वाचायचा नव्हता, तिथे फक्त थांबायचं होतं. कागद ए-फोरच्या दुप्पट आकाराचा घेतला, आडवा. चारी बाजूंच्या मार्जिन खाऊन टाकल्या. प्रत्येक विधीनंतर पेज ब्रेक टाकला. पेज ब्रेक म्हणजे इथून पुढचं नव्या पानावर, अशी ताकीद. आता एका विधीला एकच कागद.

कागद कोण धरणार हा प्रश्नच नव्हता, आत्या आधीच हात पुढे करून बसली होती. पण तिला वाचता येत नाही, मग कुठला कागद कधी उचलायचा? मी प्रिंट रंगीत कागदावर काढले. मांडवाचा हिरवा, तेल लावण्याचा पांढरा, हळदीचा पिवळा. मागून पुठ्ठा चिकटवला. आत्याने पिवळ्यावर बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच मान होकारार्थी हलवली.

शनिवारी मला हळदीचं आमंत्रण होतं. नसतं तरी गेले असते. मांडवाच्या एका कोपऱ्यात डीजेचे बॉक्स रचलेले, आणि त्यांच्या शेजारी नवरीचा काका, हातात मोबाईल. वायर जोडलेली दिसत होती. हर्षला ताट घेऊन उभी राहिली. आत्या तिच्यासमोर पाटावर बसली. मी आत्याच्या मागे, बायकांमध्ये. मांडव आणि तेल आधीच व्यवस्थित पार पडलं, असं माझ्या शेजारी बसलेली बाई सांगत होती. आता हळद, सगळ्यात लांब गाणं.

आत्याने पिवळा पुठ्ठा उचलून गुडघ्यांवर उभा धरला. तो हर्षलाकडे वळवताना त्याची छापलेली बाजू मला क्षणभर दिसली. कागद उलटा होता. डोकं खाली, पाय वर. रुंद कॉलम उजवीकडे, अरुंद डावीकडे, एकेक अक्षर उताणं.

मी अर्धी उठले. पण मध्ये बायका, पोरं, पाट, समई. चालू विधीतून आडवं कसं जायचं? हात हलवला, तर आत्याची माझ्याकडे पाठ. तोवर हर्षलाने पहिली ओळ उचललीसुद्धा होती.

मी ती अडकायची वाट बघत बसले. दुसरं काय करणार. काकाचा अंगठा मोबाईलवर होता. हर्षलाने एक ओळ म्हटली आणि थांबली. मागच्यांनी झेलली. तिने दम घेतला आणि पुढची ओळ उचलली. पुन्हा थांबली, पुन्हा उचलली. दुकानात पंख्याखाली दबणारा तो आवाज आता मांडवाच्या बाहेरपर्यंत जात होता. मी ओळीमागून ओळ मोजत होते, आता चुकेल, आता चुकेल. ती चुकली नाही. शेवटची ओळ मागच्यांनी झेलली आणि हर्षलाने ताट खाली ठेवलं. काकाने मोबाईल खिशात टाकला आणि हळद लावायला जाऊन उभा राहिला.

सोमवारी हर्षला आणि आत्या परत दुकानात. पुठ्ठ्यांवर हळदीचे हात उमटले होते. लॅमिनेशन करून हवं होतं, कारण पुढच्या गल्लीतल्या एका घरून बोलावणं आलं होतं.

“लॅमिनेशन करते,” मी म्हटलं. “पण आधी एक सांग. हळदीचा कागद आत्यांनी उलटा धरला होता, तू म्हटलंस कसं?”

“उलटा?” हर्षलाने पिवळा पुठ्ठा फिरवून बघितला. “मना न्हाय ठाऊक. मी कागद बघितलाच न्हाय, ताई. आतेचे नुसते ओठ हलत होते. मी तिकडेच बघत होते.”

मी आत्याकडे बघितलं. ओठ पुन्हा घट्ट मिटलेले, पट्टी तशीच. तिने माझ्या काउंटरवरची चावी उचलली आणि काचेवर एकदाच ठोकली.

एकदा ठोकलं की पुढचीचं संपलं. पुढची म्हणून आत्याचं संपलं होतं, आता पुढची हर्षला. मी तोंड फिरवून लॅमिनेशनचं मशीन तापायला लावलं, कारण डोळे भरून आले होते आणि दुकानात गिऱ्हाईक होतं.

प्लॅस्टिकमध्ये घालण्याआधी मी तिन्ही कागदांच्या वरच्या बाजूला जाड मार्करने बाण काढले. तेव्हापासून कुठलाही कागद दुसऱ्याने धरायचा असेल तर मी आधी बाण काढते. कॉलमचं नंतर बघते.