हिलालचा राघू काय खातो

हिलाल माळीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. जळगावच्या एका तेलमिलमध्ये तो बॉयलरवर होता. सातच्या पाळीला वाफ तयार पाहिजे, नाहीतर सगळी मिल हात बांधून बसणार. बॉयलर भुईमुगाच्या टरफलांवर चालायचा. टरफल कागदासारखं भुर्रकन जळतं, म्हणून फावडं थांबवता येत नाही. मी त्याच मिलमध्ये पोती उचलायचो. पोतं थप्पीला लावलं की हमालाला दम खाता येतो. बॉयलरवाल्याला ती सोय नव्हती.

घरून निघण्याआधी तो स्टोव्हवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी टाकायचा. पहिला तुकडा पिंजऱ्यात, मग स्वतः. ही त्याच्या आईची शिकवण. घरातल्या मुक्या जीवाने खाल्ल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. आईच्या काळात तो मान बैलांचा होता. बैल गेले, शेत गेलं, मग तो मान पोपटाकडे आला.

पोपट शहाऐंशीच्या वादळात सापडला. मिलच्या आवारातला कडुलिंब आडवा झाला, त्याच्या ढोलीतून पिल्लू पडलं. एक पंख मोडला होता. हिलालने ते सदऱ्याच्या खिशात घालून चाळीतल्या खोलीवर आणलं आणि त्याला राघू म्हणू लागला. त्याच्या आदल्या वर्षी त्याची बायको बेबाबाई वारली होती. मुलगा पंडित सुरतला कापडाच्या लूमवर. खोलीत हिलाल एकटाच.

बेबाबाई होती तेव्हा दाराची कडी वाजली की आतून विचारायची, "जेवन व्हयनं का?" तो जेवून आलेला नाही हे तिला माहीत असायचं. तरी रोज विचारायची. ती गेल्यावर ते विचारणारं कोणी राहिलं नाही. एकदा चहाच्या सुट्टीत हिलाल मला म्हणाला, "दिवसभर मला हाका मारणारे पुष्कळ आहेत. वाफ कमी पडली की मारतात."

मग म्हणाला, राघूला एवढं एक वाक्य शिकवायचं आहे.

मिलचा फिटर कय्युम घरी कबुतरं पाळायचा. त्याने रीत सांगितली. "आधी त्याच्या आवडीचा खाऊ शोध. शब्द बोल, दाणा दे. पण दाणा असा पाहिजे की त्याच्यासाठी त्याने जीव टाकला पाहिजे."

राघू कशासाठीच जीव टाकत नव्हता. हिलालने हिरवी मिरची दिली. राघूने ती चोचीत धरली, विचार केल्यासारखं केलं आणि खाली टाकली. भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटीतच आंबली. मिलमधले निवडक शेंगदाणे दिले, ते त्याने नुसते फोडले. करडई उधळली. चोपड्याकडची केळी आणली, तर केळ्याकडे पाठ करून बसला. हिलाल दर रविवारी बाजारात जायचा. बॉयलरसमोर उभं राहून सुजलेले पाय घेऊन हा माणूस एकेक जाम, म्हणजे पेरू, दाबून, वास घेऊन निवडायचा. फळं विकणारी वच्छलाबाई एकदा विचारती झाली, "हिलालभाऊ, घरी जावई मुक्कामाला आला का?"

"पोपट आहे, अक्का."

"मग जावईच. आता रुसायचा बाकी असेल."

"तेच चाललंय."

तिने एक पिकला जाम फुकट दिला. राघूने तोही सोडला.

शेवटी कय्युम स्वतः खोलीवर आला. मीही होतो. त्याने राघूची छाती बोटाने चाचपली आणि हसला. "भाऊ, इसका पेट भरा है. सकाळी भाकरी, संध्याकाळी भाकरी, तीही तुझ्या आधी. मिल आपल्याला आधी पगार देते का? तू ह्याला काम करायच्या आधीच पगार देतोस. एक दिवस उपाशी ठेव, मग बघ."

हिलालचा चेहरा बदलला. बहात्तरच्या दुष्काळात त्याने रस्त्यावर खडी फोडली होती. तो एवढंच म्हणाला, "मन्हा घरमा कोनी उपाशी ऱ्हावाव नही."

कय्युम चहा पिऊन गेला. राघू मुकाच राहिला. तशीच दीड-दोन वर्षं गेली. कडी वाजायची, आत काही नाही.

एक दिवस वाफेच्या नळाचा सांधा सुटला आणि हिलालचे दोन्ही हात भाजले. पट्ट्या बांधून त्याला दुपारीच घरी पाठवलं. मी सोबत गेलो. शेजारच्या मंजुळाबाईने भरीत-भाकरीचं ताट आणलं आणि दारात उभी राहिली.

"खा आधी. ताट रिकामं घेऊनच जाईन."

"राघूला अजून..."

"राघू मरत नाही. तू खा."

त्याला बोटांनी पिंजऱ्यात तुकडा टाकता येत नव्हता, आणि ती हलत नव्हती. त्याने ताटावर वाकून तोंडानेच घास घेतला. राघूच्या आधी घेतलेला तो पहिला घास. पिंजऱ्याचं दार उघडंच असायचं. राघू किंचाळला, चोचीने सळया धरत खाली उतरला, फरशीवरून चालत आला आणि त्याने ताटातल्या भाकरीचा करपलेला पापुद्रा ओढला. बाजारभर फिरून जे मिळालं नाही ते ताटात होतं.

कय्युम म्हणाला, भूक होती म्हणून आला. हिलाल म्हणाला, सोबत पाहिजे होती म्हणून आला. कोण खरं, मी सांगू शकत नाही. हिलालने मात्र रीत बदलली. आधी कोणीच खायचं नाही. एकच ताट, दोघांनी बरोबर बसायचं. तो म्हणायचा, "जेवन व्हयनं का?" मग नखाएवढा पापुद्रा द्यायचा. पुन्हा वाक्य, पुन्हा पापुद्रा. बॉयलरवर दिवस काढून आलेला माणूस हे रोज करत होता. एकही दिवस चुकवला नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला.

पोळ्याच्या सुमारास मी त्याच्याकडे गेलो. कडी वाजवली. आतून स्पष्ट आलं, "जेवन व्हयनं का?" मी दार लोटलं. हिलाल खोलीत नव्हता, नळावर गेला होता. पोपट बोलला होता, पण आवाज हुबेहूब हिलालचा होता.

तो बादली घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, "हा तर तुझ्याच आवाजात विचारतो."

"दुसरा आवाज तो आणणार कुठून?" हिलाल म्हणाला. "घरात दुसरं बोलतं कोण?" आणि त्याने बादली जागेवर ठेवली.

पंचाण्णवला मिल बंद झाली. चाळ मिलची होती, ती खाली करायची होती. पंडित सुरतहून आला.

"आबा, आते एकला काय करशात आठे? सुरतले चाला."

"आन ह्याले?" हिलालने पिंजऱ्याकडे बोट केलं.

"तठे घरमालक पक्षी ठेवू देत नही. सोडी द्या, उडी जाई."

"पंख मोडेल शे. मांजर खाई."

"पोपटसाठे पोरगाले नही म्हनतस का?"

हिलालने पिंजऱ्यातली वाटी पाण्याने भरली. मग म्हणाला, "तू ये ना सुटीमा. मी आठेच ऱ्हास." पंडित संध्याकाळच्या गाडीने परत गेला. हिलाल स्टेशनपर्यंत गेला, आणि चालत परत आला.

फंडाचे पैसे आले तेव्हा चाळीतल्या बहुतेकांनी मुलींची लग्नं केली, देणी फेडली. हिलालने जळगावातल्याच पिंप्राळ्यात एक पत्र्याची खोली घेतली. स्वतःच्या नावाची. मांजर चढू नये म्हणून खिडकीला जाळी बसवली. बॉयलरपुढे जन्मभर उभं राहून जे मिळालं, ते सगळं त्या एका खोलीत गेलं.