गालावरचा चट्टा

माणसाला फोटोत देखणं करायचं, हा माझा धंदा. त्या काळी फोटो काचेवर निघायचा. काच उजेडासमोर धरायची, बारीक पातं घ्यायचं आणि चेहऱ्यावरचे नको ते डाग हलक्या हाताने खरवडून टाकायचे. एकदा खरवडलं की गेलं, परत आणता येत नाही. हात माझा चांगला होता आणि त्याची मस्तीही तेवढीच होती. गिऱ्हाइकाला काय कळतंय, हे मी त्याच्या तोंडावर म्हणायचो.

दुकानापासून तिसऱ्या दारात इस्त्रीवाली राहायची. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक मुलगा. तो विसाव्या वर्षी लढाईवर गेला, बॉम्बर विमानात. अगदी शेपटाकडे बसून बंदूक चालवायची, हे त्याचं काम. रजेवर आला तेव्हा नव्या गणवेशात फोटो काढायला माझ्याकडे आला. "काका, बाकीचे सगळे पुढे बघत जातात, मी एकटा उलटा. कुठे गेलो होतो ते परत निघाल्यावर दिसतं," म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसत सुटला. कार्टं दोन मिनिटं खुर्चीत गप्प बसेल तर शपथ.

त्याच्या डाव्या गालावर पांढरट चट्टा होता. तीन वर्षांचा असताना आईच्या हातातली इस्त्री लागली होती. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला जवळ घेतलं की तिचं बोट आपोआप त्या गालावर जायचं. फोटो काढून झाल्यावर तो दारात थांबला. "तेवढा चट्टा राहू द्या हं, काका. नाहीतर आईला वाटेल, मला त्याची लाज वाटते."

मी हो हो म्हटलं. आणि संध्याकाळी काच हातात आल्यावर खरवडून टाकला. सवयीने म्हणा, माजाने म्हणा. गाल असा गुळगुळीत झाला, की मी स्वतःवरच खूश.

नवव्या फेरीला विमान परत आलं नाही. आत सातजण होते, एकाचाही पत्ता लागला नाही. घरी आलं ते नुसतं पत्र.

दोन महिन्यांनी इस्त्रीवाली तो लहान फोटो घेऊन दुकानात आली. "भाऊ, हा मोठा करून द्या. यात त्याचा चट्टा दिसतच नाही बघा. मोठ्यात दिसेल ना?"

तेव्हाच सांगायला हवं होतं, की बाई, चूक माझी. पण इतकी वर्षं मिरवलेला हात, जीभ रेटेना. मी काउंटर पुसत म्हणालो, "नाही दिसणार, वहिनी. त्यानंच काढायला सांगितला होता."

ती फोटोकडे बघत राहिली.

"त्यानं सांगितलं?"

"हो."

"मला तर म्हणायचा, असू दे गं आई, छान दिसतो." मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझं मन राखत होता."

मोठा फोटो नको म्हणाली. लहान फोटो पिशवीत ठेवला, मला त्रास दिल्याबद्दल माफी मागितली आणि गेली.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली, तिसऱ्याच दारात. माझे सदरे तीच इस्त्री करायची. मी रोज तिच्या दारावरून जायचो, आणि खरं काय ते सांगायला मला एक मिनिटही लागलं नसतं.