बिनखिळ्याचं तबक

माझ्या होणाऱ्या विहीणबाई बनशंकरी भागातल्या. त्यांचं मराठी घराणं बेंगळुरूत इतकं जुनं, की त्यांच्या बोलण्यात मराठी कुठे संपते आणि कन्नड कुठे सुरू होते ते त्यांनाही सांगता येत नाही. मुलांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, आम्ही नुसते चहाला गेलो होतो. तेवढ्यात त्यांना कुणा नातेवाइकाचा फोन आला आणि त्या माझ्यासमोरच म्हणाल्या, “हो, मुलाचे वडील आलेत ना. ते बोम्मसंद्राला खोकी ठोकतात.”

वाक्यात खोटं काही नव्हतं, हीच अडचण होती. कारखान्यांची अवजड यंत्रं परदेशी जातात, ती माझ्या लाकडी पेट्यांतून. हा धंदा मी एका भाड्याच्या पत्र्याच्या शेडमधून उभा केला. पण ‘ठोकतात’ हा शब्द मी बनशंकरीहून घरापर्यंत चघळत आलो. सिग्नलला बायको म्हणाली, “सोडा हो आता.” मी हॉर्न वाजवला.

साखरपुड्याला मुलीची साडी आणि साखरेचा पुडा आम्ही न्यायचा होता. मी जाहीर केलं की ते सगळं माझ्या हातच्या तबकात जाईल. फणसाचं लाकूड, मध्ये खोलगट, आणि सबंध तबकात एकही खिळा नाही. ठोकायला काही ठेवलंच नाही, तर त्या म्हणणार काय?

माझ्याकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. खोलगटपणा टेबलावरच्या गोल करवतीनेच काढता येतो, हे त्यांनी दाखवलं. टेबलावर एक पट्टी तिरकी आवळायची आणि फळी तिला टेकवून पात्यावरून तिरकी सरकवायची. पातं टेबलाच्या वर जेमतेम डोकावलं पाहिजे. एक फेरी झाली की ते किंचित वर घ्यायचं, पुन्हा फळी सरकवायची. असं करत करत लाकडात गुळगुळीत पन्हळ उतरते. मग तिची दोन्ही उघडी टोकं तुकडे लावून, सरस आणि लाकडी खुंट्यांनी बंद करायची.

“किती फेऱ्या?” मी विचारलं.

“तीस, सार.”

“पंधरा करा.”

“तीस.”

“बरं, तुमचं नको, माझं नको. वीस.”

अण्णा हसले. पातं वर घ्यायची चावी माझ्या हातात देऊन म्हणाले, “सार, स्वल्प.”

स्वल्प म्हणजे थोडं, हे आम्हा मराठी माणसांना शिकवावं लागत नाही. पण या गावात मी तो शब्द भलत्याच मापाने शिकलो होतो. रिक्षावाला स्वल्प जास्त मागतो तेव्हा त्याला दुप्पट हवे असतात. शेजारी स्वल्प सरकायला सांगतो तेव्हा त्याला तुमची अर्धी जागा हवी असते. मी त्या हिशेबाने चावी फिरवली. पहिल्या दोन फेऱ्या निभावल्या. तिसरीला करवत कण्हायला लागली, मी चिडून फळी आणखी दाबली, धूर निघाला आणि फळीने मागे उसळून माझ्या पोटात असा ठोसा दिला की मी खालीच बसलो.

अण्णांनी मशीन बंद केलं. आधी माझी बोटं मोजली, मग फळी पाहिली. पन्हळीच्या तळाला एक काळा जळका पट्टा उमटला होता. एवढ्या रुंदीची फळी दुसरी नव्हती.

“ही पण म्हणते तीस,” अण्णा म्हणाले.

वीस फेऱ्या ठरल्या होत्या, हे खरं. करवतीला मात्र त्या सौद्यात कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या फेऱ्या अण्णांच्या स्वल्पाने झाल्या, म्हणजे कागदाच्या जाडीने. मी मोजल्या नाहीत. मग तीन दिवस तो पट्टा खरवडत बसलो. फिकट झाला, गेला नाही.

साखरपुड्याच्या दिवशी विहीणबाईंनी तबकातली साडी उचलली आणि खाली बोट फिरवलं. नेमकं त्या जळक्या पट्ट्यावरून.

“अगं बाई, फणसाची रेघ बघ किती सुंदर आलीय,” त्या बहिणीला म्हणाल्या. “देवाने काढल्यासारखी.”

आयुष्यात पहिल्यांदाच मी समोरच्याची चूक दुरुस्त केली नाही. उलट म्हणालो, “जुन्या झाडालाच येते अशी. आणि एकही खिळा नाही बरं का यात.”

“हो?” त्यांनी तबक उलटं करून पाहिलं. “खरंच की.”

तो महिना मी सुखात काढला. मग त्यांचा फोन आला. “अहो, तबक मी रोज वापरते हं. मिठाई त्यातच ठेवते. पण मुंग्या फार येतात. त्याला स्वल्प झाकण करून द्याल? आणि एक कडी.”

बायको शेजारी भाजी निवडत होती. फोन ठेवायच्या आधीच ती हळूच म्हणाली, “चार बाजू, तळ आणि वर झाकण. त्याला काय म्हणतात हो?”

मी तिच्याकडे पाठ केली आणि फोनवर घासाघीस केली. झाकण करतो, कडी नाही. कडीला खिळे लागतात.

“सरी, ठीक आहे, कडी नको,” त्या म्हणाल्या. “झाकण स्वल्प जड करा म्हणजे झालं.”

जिंकलो, असं मला निदान संध्याकाळपर्यंत वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तबक शेडमध्ये आलं. अण्णांनी झाकणाचं माप घेतलं आणि नेहमीच्या ऑर्डरींसारखी त्यावर खडूने खूण केली. तेवढं कन्नड मला वाचता येतं. बनशंकरी, बॉक्स, एक.